घर सर्वांना आपले वाटावे म्हणून
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून वक्त्याने शाळा, परीक्षा आणि निकाल यांविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. तरीही आज मी आपल्याशी घराविषयी बोलणार आहे. मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते. उरलेला सारा वेळ ते आपल्या घरात, किंवा घर नकोसे झाले तर नाक्यावर असते. मुलगा घरी टिकत नाही, पुस्तक उघडत नाही, बोलले तर उत्तर देत नाही, अशा तक्रारी पालक शिक्षकांकडे घेऊन येतात. शिक्षक त्यावर काय करणार? मुलाला घरी थांबावेसे का वाटत नाही, याचे उत्तर घरातच शोधावे लागते.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. घर बांधणे किती कठीण ते आपण सारे जाणतो. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील आपल्या गावांत ही घरे कशी उभी राहिली, हेही आपल्याला ठाऊक आहे. कुणाचे आजोबा बोटीवर नोकरीला होते, कुणाचे दक्षिण किंवा पूर्व आफ्रिकेत गेले. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत कामे निघाली आणि आपले तरुण कुवेत, दुबई, कतार, सौदी अरेबिया येथे गेले. उन्हातान्हात राबून त्यांनी पैसा पाठविला आणि त्या पैशातून जुन्या कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. त्या कष्टांचा मान राखूनच मी पुढचे बोलतो आहे. घर बांधून झाले म्हणजे काम संपले असे मात्र समजू नये. चार भिंतींना घरपण येते ते त्यानंतरच्या रोजच्या वागण्यातून. घरात पाऊल टाकताच माणसाला, आणि विशेषतः मुलाला, ‘ये, बस, हे तुझेच आहे’ असे कशामुळे वाटते, याचा आज आपण विचार करू.

प्रथम एका खऱ्या घराची हकीकत सांगतो.

मुंबईच्या खेतवाडीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांचे घर होते. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. बहिणीची मुले पोरकी झाली तेव्हा या जोडप्याने ती सारी भावंडे आपल्या घरी आणली. त्यांतील सर्वांत धाकटा मुलगा १८९६ साली जन्मलेला. तो एक वर्षाचा असताना वडील गेले आणि तीन वर्षांचा असताना आई गेली. दहा-बारा वर्षांचा झाल्यावर या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ही कोणती, ही खाल्लेली चालते का, असे विचारत तो मामांकडे गेला. मामांनाही तिचे नाव सांगता आले नाही. परंतु त्यांनी मुलाला हुसकावून लावले नाही. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे ते सभासद होते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. हे वर्ष १९०८. तोच मुलगा पुढे डॉ. सालिम अली म्हणून जगाला माहीत झाला आणि भारतातील पक्ष्यांचा अभ्यास म्हटला की त्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते.

या हकीकतीत कोठे श्रीमंती दिवाणखाना आहे काय? नाही. पोरके मूल सामावून घेणारे मामा-मामी आहेत आणि मुलाच्या प्रश्नाला मान देणारे वडीलधारे आहेत. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पण ज्याला माहीत आहे त्याच्याकडे तुला पाठवितो’ असे म्हणणारा बाप किंवा मामा ज्या घरात आहे, ते घर मुलाला आपले वाटते. ‘डोके खाऊ नको, जा’ असे ज्याला रोज ऐकावे लागते, तो मुलगा आपले प्रश्न दुसरीकडे घेऊन जातो. तिकडे त्याला कोण भेटेल, हे आपल्या हाती राहत नाही.

आता घराच्या बाहेरच्या रूपाकडे वळू. माणसाला बरे वाटण्यासाठी पहिली गरज हवा आणि उजेड यांची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात निरोगी घरासाठी पाच गोष्टी आवश्यक म्हणून सांगितल्या. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा नीट निचरा, स्वच्छता आणि उजेड. त्या गोष्टीला दीडशेहून अधिक वर्षे झाली, पण यादी जुनी झालेली नाही. यात संगमरवर नाही आणि झुंबरही नाही.

आपल्या कोकणातील जुनी घरे या कसोटीला बरीच उतरत. जाड जांभ्याच्या भिंती, उतरते छप्पर, पुढे पडवी. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. त्या घरांत उणिवाही होत्या. माजघर अंधारे असे आणि चुलीचा धूर बायकांच्या डोळ्यांत व छातीत जाई. म्हणून सगळे जुने चांगले असे माझे म्हणणे नाही. परंतु नवे बांधताना जुन्यातील शहाणपण टाकून द्यायचे कारण नव्हते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. एप्रिल-मे महिन्यांत, वीज गेली की, अशा खोलीत मुलाने अभ्यास कसा करावा? गच्चीवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याची पांढरी सफेदी केली तर बरेचसे ऊन परतून जाते आणि खर्चही फारसा येत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींना खिडक्या असतील तर वारा आरपार वाहतो. एकाच भिंतीला दोन खिडक्या असून तो लाभ होत नाही.

खिडकी किती मोठी असावी यालाही हिशेब आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उष्ण व दमट हवेच्या प्रदेशात खिडक्या-झरोक्यांची मोकळी जागा खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश असावी. म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीला, १२० चौरस फुटांना, वीस चौरस फूट. आज घरी गेल्यावर टेप घेऊन ही गोष्ट मोजा. विद्यार्थ्यांना गुणाकार-भागाकाराचा सरावही होईल. खिडक्या पुरेशा असूनही त्यांच्यासमोर कपाट ठेवलेले किंवा जाड पडदे कायमचे ओढलेले आढळले तर तेवढे आजच हलवा. पडद्याची गरज आहे हे मान्य. पण खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकला तर आडोसाही राहतो आणि वरून उजेडही येतो.

आता मी जरा नाजूक विषयाला हात घालतो. आपल्या बहुतेक घरांत सर्वांत चांगली खोली कोणासाठी असते? मेहमानांसाठी. तेथे सोफा असतो, शोकेस असते, त्यात बाहेरगावाहून आणलेले काचसामान असते. मुलांनी तेथे बसू नये, सोफ्यावर पाय ठेवू नये, काही हलवू नये अशी ताकीद असते. मेहमान महिन्यातून चार वेळा येतात. त्या खोलीतला पंखा आणि उजेड उरलेले दिवस वाया जातो. आणि घरची मुलगी कोठे अभ्यास करते? स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ, पाटावर वही ठेवून. सर्वांची जेवणे झाली, भांडी झाली, म्हणजे मग तिची वही निघते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. परक्याचे स्वागत करणारे घर आपल्याच लेकीचे स्वागत करीत नसेल, तर त्या घराला आपण अगत्यशील कसे म्हणावे?

‘आमच्याकडे जागाच नाही’ असे काही पालक म्हणतील. मुंबईत राहणाऱ्यांना ते म्हणण्याचा हक्क आहे. बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्यात दोन-दोन पिढ्या राहिल्या. परंतु जागेच्या अडचणीवर एका बापाने काय तोड काढली ते ऐका. सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबासह परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. तेथेच स्वयंपाक, तेथेच झोपणे. मुलाला अभ्यासाला शांतता मिळणार कशी? रामजी मुलाला रात्री लवकर झोपवीत आणि दोन वाजता, सारी चाळ झोपलेली असताना, उठवून अभ्यासाला बसवीत. घासलेटच्या दिव्यावर तो अभ्यास चाले. मुलाला पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या मुलींकडून दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक घेत. तो मुलगा १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खोली एकच होती. बापाने तिच्यात जागा निर्माण करता येत नाही असे पाहिले आणि वेळ निर्माण केला.

हे उदाहरण देण्याचा हेतू मुलांना रात्री दोनला उठवावे असा नाही. वाढत्या वयात झोप पुरेशी हवी. हेतू एवढाच की जागा नसेल तर वेळ द्या. संध्याकाळी मगरिबनंतर दीड-दोन तास घरातला टीव्ही बंद, मोबाइलचा आवाज बंद, मोठ्याने बोलणे बंद, एवढा नियम एका खोलीच्या घरातही पाळता येतो. तो नियम घरच्या कर्त्या पुरुषांनी स्वतः पाळला तरच मुले पाळतील. बाप क्रिकेटचा सामना पाहत असताना मुलाने बीजगणित सोडवावे ही अपेक्षा गैर आहे. जागा असेल त्यांनी तर दिवाणखान्याचा एक कोपरा मुलांना द्यावा. एक साधे टेबल, एक भिंतीतले फळीचे कपाट आणि एक दिवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. नऊ वॅटचा एलईडी दिवा पूर्वीच्या साठ वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो, म्हणजे विजेच्या बिलाचीही सबब उरत नाही. मुलगा आणि मुलगी दोघांना त्या टेबलावर सारखा हक्क असावा. घरकाम दोघांत वाटून दिले म्हणजे तो हक्क कागदावर राहणार नाही.

याचा अर्थ मेहमानांचे आदरातिथ्य कमी करावे असा कोणी घेऊ नये. दारी आलेल्याला प्रेमाने घरात घेणे ही आपल्या घरांची खरी दौलत आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात रामेश्वरमच्या घराविषयी लिहिले आहे. वडील साधेपणाने राहणारे, अनावश्यक चैनीच्या वस्तू घरात नाहीत, मात्र अन्नवस्त्राची ददात नाही. आणि त्या घरात जेवायला रोज घरच्या माणसांपेक्षा बाहेरची माणसे अधिक असत. लक्षात घ्या, ते घर मोठ्या थाटामुळे आतिथ्यशील नव्हते. जे शिजले त्यात पाहुण्याचा वाटा होता, इतकेच.

आपल्याकडे हळूहळू उलटे होऊ लागले आहे. पाहुणा येणार म्हटले की चार प्रकारचे पदार्थ झालेच पाहिजेत, नाहीतर लोक काय म्हणतील! घरच्या बाईचा दिवस चुलीपाशी जातो. पाहुण्याशी चार शब्द बोलायला तिला फुरसत नसते. पाहुण्यालाही अवघडल्यासारखे होते. मग गरीब नातेवाईक येणेच टाळतो, कारण परत बोलावताना त्याला तसा खर्च झेपत नाही. घावन आणि चहा हसतमुखाने पुढे केला तर आलेल्याला जे वाटते, ते चढाओढीच्या मेजवानीत वाटत नाही. घराचे दार गरीब नातेवाइकाला जड झाले, तर शोकेसमधल्या काचसामानाचा काय उपयोग?

पाहुण्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे. दुसऱ्याच्या घरी जाताना परवानगी मागून, सलाम करून आत जावे ही शिकवण आपल्याला कुराणातील सूरह नूरमध्ये मिळालेली आहे. आज मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. जाण्यापूर्वी विचारावे. दहावी-बारावीची मुले घरात असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तासन् तास बैठक मारू नये. आणि त्याच सूरहमध्ये घरात शिरताना घरच्यांना सलाम करण्याचीही शिकवण आहे. बाहेरच्याला ‘या, बसा’ म्हणणारे आपण स्वतःच्या घरात मात्र न बोलता शिरतो, चपला काढतो आणि ‘जेवण झाले का?’ एवढेच विचारतो. बायकोला, मुलांना, म्हाताऱ्या आईला सलाम करून आत येण्यास पैसा लागत नाही. आणि घराचे घरपण तेथूनच सुरू होते.

आता घर करणे हे काम कोणाचे? सर्वसाधारण समजूत अशी की पुरुषाने पैसा आणावा आणि घर बाईने करावे. या बाबतीत मी पुन्हा सालिम अलींकडे येतो, कारण त्यांनी आपल्याच कोकणात एक मोठा मजेदार शोध लावला. अलिबागजवळच्या किहीम गावी ते राहत होते आणि १९३०च्या पावसाळ्यात ते सुगरण पक्ष्यांची वसाहत रोज पाहत असत. सुगरणीचे घरटे आपण सर्वांनी पाहिले आहे, विहिरीवर झुकलेल्या झाडाला टांगलेले, खाली नळीसारखा दरवाजा असलेले. नाव ‘सुगरण’ म्हणून ते कौशल्य मादीचे, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात विणकाम करतो तो नर. गवताच्या, पात्यांच्या बारीक चिंध्या आणून तो घरटे अर्धे विणतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. पसंत पडले नाही तर निघून जातात. एखादीला पसंत पडले म्हणजे ती तेथे राहते, नर उरलेले विणून घरटे पुरे करतो आणि मादी आतली मऊ गादी करते.

पक्ष्यांच्या सगळ्याच गोष्टी आपण घेऊ नयेत. घरटे पुरे झाले की हा नर दुसरे घरटे बांधायला लागतो, तेवढे सोडून द्या! पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्याला आपण बाईचे कसब समजत आलो ते पुरुषाचेही काम असू शकते. शिवाय घर मोठे आहे की नाही यापेक्षा ते आत राहणाऱ्याला रुचते की नाही, हे पाहण्याचा हक्क राहणारीचा आहे. आपण घर बांधताना स्वयंपाकघराचा ओटा किती उंच असावा, खिडकी कोणत्या बाजूला असावी, पाणी कोठून यावे, हे त्या ओट्यापाशी उभे राहणाऱ्या बाईला विचारतो काय? नकाशा पुरुष ठरवितात, आणि पाठदुखी मात्र तिच्या वाट्याला येते.

परदेशी असलेल्या बंधूंना माझे वेगळे सांगणे आहे. तुमचा विरह घर सोसते, हे खरे. पूर्वी पत्र यायला पंधरवडा लागे. नंतर कॅसेटमध्ये आवाज भरून पाठविण्याची चाल पडली आणि सारे घर टेपरेकॉर्डरभोवती बसून बापाचा आवाज ऐके. आज फोनवर चेहरा दिसतो. पण त्या बोलण्यात ‘पैसे पोचले का, मार्क किती पडले’ एवढेच असेल तर मुलाला बाप हिशेबनीस वाटेल. आज शाळेत काय शिकविले, कोणता मित्र झाला, दादीचे औषध कोणी दिले, असे विचारा. दूर असूनही घर विणता येते. आणि गावात बंगला बांधून सारे कुटुंब शहरात जाणार असेल, घराला कुलूप राहणार असेल, तर बांधण्यापूर्वी एकदा विचार करा. त्यातला काही भाग मुलीच्या पदवीसाठी बाजूला काढला तर ती शिदोरी कोठेही बरोबर नेता येते.

यानंतर पुस्तकांची गोष्ट. २०१० साली सत्तावीस देशांतील माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत पाचशेपर्यंत पुस्तके होती त्या घरांतील मुले, पुस्तके नसलेल्या घरांतील मुलांपेक्षा सरासरीने तीन वर्षे अधिक शिकलेली आढळली. आईबापांचे शिक्षण आणि व्यवसाय हिशेबात धरूनही फरक राहिला. पाचशे पुस्तके आपल्याला एकदम परवडणार नाहीत, पण वीस तर जमतील. शोकेसचा एक खण रिकामा करा. मराठी, उर्दू, इंग्रजी, जी भाषा घरात वाचता येते तीतली पुस्तके तेथे ठेवा. मुख्य म्हणजे त्या शोकेसला कुलूप लावू नका.

आणखी एक गोष्ट करण्यासारखी आहे. ज्या तय्यबजी घराण्याचा मी उल्लेख केला, त्या घराण्यात एकोणिसाव्या शतकापासून ‘अखबार’ नावाच्या घरगुती वह्या ठेवलेल्या असत. घरातील लहानथोर त्यांत लिहीत. कोण आले, काय घडले, काय वाटले. पाहुण्यांनाही लिहायला सांगत. आपण दोनशे पानी वही घेऊन हे आजपासून सुरू करू शकतो. ज्या मुलीला चारचौघांत बोलायला संकोच वाटतो ती वहीत लिहील. ज्या आजोबांच्या आठवणी ऐकायला कोणाला वेळ नाही त्या नातू लिहून घेईल. घराला आपला इतिहास असला म्हणजे मुलाला त्या घराचा अभिमान वाटतो.

शेवटी जिभेविषयी बोलतो. घर थंड-गरम करणारी सर्वांत मोठी वस्तू ती आहे. शेजारच्या मुलाला नव्वद टक्के मिळाले, तुला काय धाड भरली, असे जेवताना ऐकविले की घास घशाखाली उतरत नाही. या बाबतीत निकालाचा दिवस ही घराची खरी परीक्षा आहे. पास झालेल्या मुलाला दार सगळीकडे उघडे असते. नापास झालेला मुलगा त्या संध्याकाळी कोठे जातो? वर्तमानपत्रांत दरवर्षी निकालानंतर ज्या दुःखद बातम्या येतात त्या वाचून कोणत्याही आईबापाच्या काळजाचे पाणी व्हावे. त्या संध्याकाळी तुमचे दार त्याला उघडे वाटले पाहिजे. म्हणून निकालापूर्वीच, स्पष्ट शब्दांत, त्याला सांगून ठेवा. निकाल काहीही लागो, आधी घरी ये. आपण एकत्र जेवू, मग पुढचे पाहू. पुरवणी परीक्षा आहे, दुसरे अभ्यासक्रम आहेत, शिक्षक मार्गदर्शन करायला तयार आहेत. दुसरा मुलगा मात्र कोठून आणणार?

विद्यार्थी मित्रांनो, हे सारे मी तुमच्या पालकांना सांगितले म्हणून तुम्ही टाळ्या वाजवून मोकळे होऊ नका. घर तुम्हांला आपले वाटावे असे वाटत असेल तर घराचे काम तुम्ही आपले मानले पाहिजे. जेवलेले ताट उचलणे, पाणी भरणे, धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे, आजीला मोबाइलवरचे अक्षर वाचून दाखविणे, ही कामे मुलांनीही करावीत. सुगरण पक्ष्याचा नर जर घर विणू शकतो तर आठवीतल्या मुलाला भांडी घासण्यात कमीपणा कसला? आणि आई थकून बसलेली असताना मोबाइलमधून मान वर करून तिला एक पेला पाणी द्या. तिलाही घर आपले वाटले पाहिजे. सगळ्यांच्या सुखाची काळजी करता करता तीच त्या घरात परकी होऊन राहते, असे कित्येकदा घडते.

आपला फार वेळ घेणार नाही. या सभेतून उठून घरी गेल्यावर तीन गोष्टी करा, एवढीच विनंती. आज दारात शिरताना घरच्यांना सलाम करा. या आठवड्यात घरातील सर्वांत चांगल्या जागी मुलांच्या, विशेषतः मुलीच्या, अभ्यासाचे टेबल मांडा. आणि या महिन्यात वीस पुस्तकांपैकी पहिले पुस्तक विकत आणा किंवा शाळेच्या ग्रंथालयातून मागून आणा. संस्था शाळा बांधते, शिक्षक शिकवितात, पण शाळेत लावलेले रोप पाण्यावाचून ठेवायचे की वाढवायचे हे घर ठरविते. आपली घरे मुलांना उन्हातून आल्यावर मिळणाऱ्या सावलीसारखी वाटोत, अशी अल्लाहपाशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.